मेंदू बदलतो, पण कशाने?

चेतापेशी मेली की तिच्या जागी नवी तयार होत नाही, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी शिकताना पाठ केले आहे आणि पुढे शिकवलेही आहे. ढोबळमानाने ते बरोबर आहे. त्यावरून काढले जाणारे अनुमान मात्र चुकीचे आहे. 'लकवा मारला, म्हणजे हात-पाय गेलेच' हे परभणी जिल्ह्यात जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत कुठेही ऐकू येते. या समजुतीला धक्का देणारे एक पुस्तक जगभर गाजले: नॉर्मन डॉइज या कॅनडातील मनोविकारतज्ज्ञाचे 'द ब्रेन दॅट चेंजेस इटसेल्फ' (२००७). शिक्षकांनी ते जरूर वाचावे. पण वाचताना एक प्रश्न विसरू नये. मेंदू बदलतो हे मान्य. तो कशाने बदलतो, किती बदलतो आणि कोणाचा?

आधी पक्षाघातात काय होते ते पाहू. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते. त्या भागातील पेशी प्राणवायूअभावी मरतात. मेंदूच्या डाव्या भागातून बहुतांशी उजव्या अंगाला आज्ञा जातात, म्हणून डावीकडे इजा झाली की उजवा हात लुळा पडतो. सुरुवातीला दोष हाताच्या स्नायूंत नसतो. आज्ञाच पोचत नाही. मात्र मेंदूतील शाबूत पेशी आपल्या जोडण्या बदलून गेलेले काम काही प्रमाणात उचलू शकतात. या घडणक्षमतेची ओळख करून देणे हा पुस्तकाचा हेतू आहे, आणि तो चांगला साधला आहे.

पुस्तकातील सर्वांत लक्षात राहणारी हकिगत पेद्रो बाख-य-रिता या प्राध्यापकांची. १९५९ मध्ये वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. नेहमीच्या उपचारांनी फरक पडेना, तेव्हा जॉर्ज हा त्यांचा मुलगा त्यांना आपल्याकडे मेक्सिकोला घेऊन गेला. त्याने वडिलांना आधी रांगायला लावले, जमिनीवर गोट्या खेळायला लावले, दुबळ्या हाताने भांडी घासायला लावली. वर्षभरात ते पुन्हा शिकवण्याइतके बरे झाले. पुढे डोंगर चढताना हृदयविकाराने ते वारले. शवविच्छेदनात दिसले की मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणारे बहुतेक तंतू नष्टच झालेले होते.

दुसरी महत्त्वाची हकिगत एडवर्ड टॉब यांच्या संशोधनाची. लुळा हात वापरून पाहिला की अपयश येते आणि चांगल्या हाताने काम भागते. त्यामुळे रुग्ण लुळा हात न वापरायला 'शिकतो', असे टॉब यांनी माकडांवरील प्रयोगांवरून मांडले. यावर त्यांचा उपाय असा की चांगल्या हातावर मोजा चढवून तो अडवायचा आणि दुबळ्या हाताकडून दिवसाचे कित्येक तास कामे करून घ्यायची.

इथवर सारे ठीक. माझा पहिला आक्षेप निवडीबद्दल आहे. बरे झालेल्यांच्या गोष्टी मन लावून सांगितल्या आहेत. तेवढेच कष्ट करूनही हात न उठलेल्यांच्या गोष्टी पुस्तकात जवळजवळ नाहीत. एकाचे उदाहरण 'हे घडू शकते' एवढे सिद्ध करते, 'हे किती जणांत घडते' हे सांगत नाही. टॉब यांच्या पद्धतीची मोठी चाचणी अमेरिकेत झाली आणि निष्कर्ष २००६ मध्ये आले. २२२ रुग्णांपैकी ज्यांना हा उपचार मिळाला, त्यांच्यात इतरांपेक्षा स्पष्ट सुधारणा दिसली. पण हे २२२ जण साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण तपासून निवडलेले होते. मनगट आणि बोटे थोडी तरी उचलता येणे ही प्रवेशाची अट होती. ज्याचा हात पूर्ण निर्जीव आहे, त्याच्यासाठी ही चाचणी नव्हतीच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पुस्तक वाचून मनावर उमटते ते जिद्दीचे चित्र. आपल्याकडे ते लगेच उलटे वापरले जाते: 'यांनी मनावरच घेतले नाही, नाहीतर बरे झाले असते.' आजाऱ्याच्या माथी अपयशाचे पाप मारण्याइतकी ही सोपी गोष्ट नाही. प्रयोगशाळेतील प्राणी रोज शेकडो वेळा तीच हालचाल करतात. अमेरिका आणि कॅनडातील ७ केंद्रांत ३१२ उपचारसत्रांचे निरीक्षण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हाताच्या कामाचा सराव झाला त्या सत्रांत अशा हालचालींची सरासरी फक्त ३२ भरली! सोयीसुविधा असलेल्या देशांत ही स्थिती, तर इच्छाशक्तीवर बोट ठेवण्याआधी सरावाची संधी किती मिळाली हे विचारायला हवे.

मग घरच्यांनीच सराव करून घ्यावा, पेद्रोंच्या मुलाने घेतला तसा? हा प्रश्न आपल्याच देशात रीतसर तपासला गेला. १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. निम्म्या रुग्णांच्या घरच्या माणसांना व्यायाम शिकवून दिले होते. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले सारखेच, सुमारे ४७ टक्के होते. घरच्यांच्या मायेत काही उणे होते असा याचा अर्थ मी लावत नाही. पण प्रशिक्षित माणसाची जागा थोडेसे शिकवून नातेवाइकाला देता येत नाही, एवढे तरी यातून दिसते. पुस्तकातला जॉर्ज वैद्यकशास्त्र शिकत होता, हेही विसरू नये.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही पालम-सोनपेठकडच्या खेड्यातून कापूस वेचणीच्या दिवसांत रुग्णाला रोज परभणीला आणणे कुटुंबाला झेपणारे नाही. मग उरते तेल चोळणे. मालिशीने बरे वाटत असेल, पण त्यात हात हलवतो दुसराच. आज्ञा देण्याचा सराव रुग्णाच्या मेंदूला घडत नाही. थोडी हालचाल असलेल्या हाताने तांब्या घासणे, तुरीच्या शेंगा सोलणे, ज्वारी निवडणे हा खरा सराव, कारण त्यात हेतू आहे आणि पुनरावृत्तीही. कोणते काम, किती वेळ, हे मात्र फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावे. दुबळा हात धरून ओढू नये; त्याने खांद्याला इजा होते. आणि अधूनमधून फेरतपासणी हवीच. ती गावाजवळ मिळावी ही मागणी पंचायतीत आणि आरोग्य केंद्रात करण्याजोगी आहे.

वर्गात पुस्तकाचा उपयोग असा करता येईल. मुलांना दोन आठवडे रोज पाच ओळी दुसऱ्या हाताने लिहू द्या. पहिली आणि शेवटची पाने शेजारी ठेवा. अक्षर किती सुधारले, कोणाचे जास्त, कोणाचे कमी, याचा तक्ता करा. मेंदू शिकतो हे मुलांना दिसेल. सर्वांत सारखाच फरक पडत नाही, हेही दिसेल. डॉइज यांच्या पुस्तकाने पहिली गोष्ट प्रभावीपणे सांगितली आहे. दुसरी आपल्याला जोडून सांगावी लागेल, कारण वर्गातल्या एखाद्या मुलाचे आजोबा घरी खाटेवर असतील, आणि तो आपले बोलणे घरी जाऊन जसेच्या तसे सांगणार आहे.