शूलपाणीच्या झाडीतली पाने

कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास संपला, की नर्मदेच्या परिक्रमेला निघणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालेले लोक काही आठवड्यांत आमच्या नंदुरबार जिल्ह्यात पोहोचतात. गाडीने जाणारे खेतियावरून शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असे सपाटीने जातात. त्या टप्प्यात त्यांना नर्मदा दिसतच नाही; दिसते ती प्रकाशाची तापी. पायी जाणाऱ्यांपैकी काही जण मात्र सातपुड्यात शिरून धडगाव-मोलगीच्या बाजूने पुढे सरकतात. घरी परतल्यावर यांतले बरेच जण लिहितात. मराठीत परिक्रमेच्या पुस्तकांचा एक वेगळा कप्पाच तयार झाला आहे आणि गेली पंचवीस वर्षे मी तो वाचत आलो आहे.

मी साहित्याचा विद्यार्थी नाही. एका सहकारी संस्थेत हिशेब लिहिण्यात माझी उमर गेली. कीर्द वाचणाऱ्याची नजर आधी जमेच्या बाजूकडे जाते, मग नावेच्या. आणि दोन्ही जुळत नसतील तर तो पान उलटत नाही. प्रवासाची पुस्तकेही मी याच सवयीने वाचतो. माझा प्रश्न साधा आहे. दीर्घ प्रवास करून आलेल्या माणसावर वाचकाचा विश्वास कशाने बसतो? आणि वर्षे लोटली तरी तो का टिकतो?

नर्मदा सुमारे 54 किलोमीटर महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहते आणि हा सगळा काठ आमच्या जिल्ह्यात, धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांत आहे. परिक्रमेच्या भाषेत हा शूलपाणीच्या झाडीचा भाग. तेथे भिल्ल अडवतात, अंगावरच्या लंगोटीखेरीज सगळे काढून घेतात, त्या लुटारूंना 'मामा' म्हणायचे आणि ही मैयाचीच इच्छा समजायची, असा संकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पुस्तक कोणाचेही असो, हे प्रकरण त्यात बहुधा असते. म्हणून नवे पुस्तक हाती आले की मी पहिल्यांदा शूलपाणीची पाने उघडतो.

वीसेक वर्षांपूर्वी मी यावर एक टिपण केले होते. कोणत्या पुस्तकात कोणाचे काय गेले : घोंगडी, तांब्या, पैसे, चष्मा. तक्ता चांगला झाला होता. तळोद्याजवळच्या पुनर्वसन वसाहतीत राहणाऱ्या एका वृद्ध पावरा गृहस्थांना तो मी कौतुकाने वाचून दाखवला. त्यांचे गाव धरणात गेलेले. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, नेलं ते लिहिलं. आमच्या घरी जेवले ते कुठं लिहिलं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तक्त्याला एकच बाजू होती. हिशेबनीस म्हणवणाऱ्या माणसाच्या हातून हे झाले, याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर मी तीच पुस्तके पुन्हा वाचली आणि ज्याला जमाखर्चाची चांगली समज होती असा लेखक मला परिक्रमेच्या बाहेर सापडला : पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. 'माझा प्रवास' हे सत्तावनच्या बंडाचे पुस्तक म्हणून आपण वाचतो. पण त्याची सुरुवात बंडाने होत नाही, घरच्या कर्जाने होते. मथुरेला बायजाबाई शिंदे यांचा यज्ञ आहे, तेथे दक्षिणा मिळेल, म्हणून विष्णुभट 1857 साली चुलत्यांबरोबर निघाले. पैशासाठी निघालो, हे ते लपवत नाहीत. कोठे काय मिळाले ते सांगतात, कोठे काय लुटले गेले तेही सांगतात. झाशीच्या कत्तलीत आपण घाबरलो आणि जीव वाचवत लपलो, हेही सांगतात. कमावलेले बहुतेक गेले आणि घरी आली ती गंगेची कावड. त्यांच्या मजकुरात ऐकीव गोष्टी आहेत, चुकाही आहेत. इतिहासकारांनी त्या दाखवल्या आहेत. तरी वाचक त्यांचा हात सोडत नाही, कारण या माणसाने स्वतःची नावेची बाजू कोरी ठेवलेली नाही.

या पुस्तकाची पुढची कथाही आपल्या विषयाला धरून आहे. विष्णुभटांनी ही हकीकत 1883 च्या सुमारास, आठवणीतून लिहिली. चिंतामणराव वैद्यांनी ती 1907 साली छापली, पण भाषेत आणि मजकुरात फेरफार करून. परकीय सत्तेचा काळ होता. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. मूळ पोथीबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली प्रसिद्ध केला. म्हणजे 59 वर्षे मराठी वाचक विष्णुभटांना दुसऱ्याच्या हाताने भेटत होता. खरेपणा लेखकापाशी असून भागत नाही, तो छपाईपर्यंत टिकावा लागतो.

परिक्रमेकडे वळू. गो. नी. दांडेकरांनी तेराव्या वर्षी घर सोडले आणि पुढे नर्मदेकाठची भटकंती केली. 1957 साली ती कादंबरीरूपाने आली, तेव्हा त्यांनी नाव दिले 'कुणा एकाची भ्रमणगाथा'. त्या 'कुणा एकाची'मध्ये एक सभ्यता आहे. येथे अनुभव आहे, कल्पितही आहे, हे वाचकाला दारातच कळते. स्वतःच्या नावाने आठवणी सांगायच्या तेव्हा त्यांनी 'स्मरणगाथा' वेगळी लिहिली. तिला 1976 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन पुस्तकांचे दोन करार आहेत आणि वाचक कोणत्याही एकात फसत नाही.

जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांची गोष्ट आणखी वेगळी. परिक्रमा शास्त्राप्रमाणे 3 वर्षे, 3 महिने, 13 दिवसांची. नदी ओलांडायची नाही, सलग चालायचे. नोकरी करणाऱ्या कलाशिक्षकाला ते कसे जमावे? 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी सवड मिळेल तसे तुकड्यातुकड्यांनी चालायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षे चालत राहिले. आपली परिक्रमा खंडित आहे, हे त्यांनी उघड सांगितले. पुण्याच्या हिशेबात ही उणी बाजू. पण 'सौंदर्य की नदी नर्मदा' वाचताना तीच उणी बाजू विश्वासाला तारण राहते. जो चाललेले नाही ते चाललो म्हणत नाही, त्याने वर्णिलेली पहाट आपण निःशंक मनाने घेतो.

जगन्नाथ कुंटे यांचे 'नर्मदे हर हर' घरोघरी पोहोचले. त्यांनी सोवळेपणाचा आव आणलेला नाही आणि हीच त्या पुस्तकाच्या लोकप्रियतेची एक नस आहे. शूलपाणीच्या झाडीतली अश्वत्थाम्याच्या भेटीची हकीकतही त्याच पुस्तकात आहे. ती मानायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. माझी तक्रार त्यांच्यापेक्षा त्यांच्यामागून आलेल्यांविषयी आहे. पुष्कळ नव्या पुस्तकांत झाडी ही चमत्कार आणि लूट यांसाठी राखून ठेवलेली रंगभूमी होते. अश्वत्थामा दिसतो, ज्या घरी मक्याची भाकरी मिळाली त्या घरातली बाई दिसत नाही. तिच्या गावाचे नावही नसते.

लूट खोटी होती असे मी म्हणत नाही. ती झाली आणि सोसणाऱ्यांना तिचा त्रास झाला. पण तिच्यामागे इतिहास आहे. 1825 साली इंग्रजांनी खानदेशात भिल्ल पलटण उभारली ती भिल्लांनाच आवरण्यासाठी. 1878 च्या वन कायद्याने जंगलावर सरकारी मालकी घट्ट झाली आणि लाकूड, चारा, शेतीचा तुकडा यांसाठी जंगलाचा माणूस जंगलातच गुन्हेगार ठरू लागला. इतके लुटले गेलेल्या माणसाला 'मैयाचा लुटारू' म्हणून गोड करून टाकणे हे श्रद्धेला सोयीचे आहे, खरेपणाला नाही. आणि शहादा परिसरातल्या वाहरू सोनवणे यांच्यासारखा भिल्ल कवी 'गोधड'मधून स्वतः बोलू लागल्यावर तर आपल्याला माहीत नव्हते, ही सबबही उरत नाही.

भारती ठाकूर यांचे उदाहरण मला म्हणूनच मोलाचे वाटते. 2005-06 मध्ये त्यांनी पायी परिक्रमा केली आणि पुस्तक लिहिले. पण हिशेब तेथे मिटला असे त्यांनी मानले नाही. नंतर त्या निमाडात, लेपा येथे राहायला गेल्या आणि काठावरच्या मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केले. प्रत्येक लेखकाने असे करावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मात्र घेतलेल्या घासाची नोंद किमान कागदावर तरी पडावी.

हा आग्रह आताच का? कारण तो काठ राहिलेला नाही. सरदार सरोवराची उंची 138.68 मीटरपर्यंत गेली, 2019 साली जलाशय पहिल्यांदा पूर्ण भरला. महाराष्ट्रातली 33 गावे बाधित झाली. मणिबेलीचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिर तर त्याआधीच पाण्याखाली गेले. नवे गुजरातेत गोऱ्याला आहे. जुनी पायवाट आज चालून तपासता येत नाही. ती आता दोन ठिकाणी आहे : वसाहतींत राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत आणि परिक्रमेच्या पुस्तकांत. भक्तीसाठी लिहिलेली पाने आमच्यासाठी दस्तऐवज झाली आहेत. तेथे एका गावाचे नाव गाळले गेले, तर ते गाव दुसऱ्यांदा बुडते.

त्या जुन्या तक्त्याला मी आता दुसरी बाजू जोडतो आहे. पुस्तकांतून वेचून गावाचे नाव, तेथे काय मिळाले, कोणी दिले, एवढेच लिहितो. काम सावकाश चालते, कारण नोंदी थोड्या आणि 'एका झोपडीत' असे शब्द फार.

वाचकांकडे एक मागणे आहे. तुमच्या घरात आजोबांची, आत्याची, कोणाचीही धरणापूर्वीची परिक्रमेची वही असेल, तर ती छापताना भाकरीचे, पिठाचे, वाटाड्याचे तपशील किरकोळ म्हणून काढू नका. व्याकरण चुकले असेल तर चुकू द्या. कोणत्या गावात कोणी पाणी दिले, ते तसेच राहू द्या. त्या गावाची माणसे अजून येथे, तळोद्याच्या आसपास राहतात आणि त्यांची नातवंडे आता वाचू लागली आहेत.