लिव्होडोपा उपचार आणि होमोसिस्टीन : संशोधनातील निष्कर्षांची चिकित्सा

प्रस्तावना :
जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये कंपवाताचे शास्त्रीय वर्णन केले. १९६० च्या दशकात लिव्होडोपामुळे या विकाराच्या उपचारांना नवी दिशा मिळाली. कंपवाताची लक्षणे आटोक्यात ठेवणारे सर्वांत परिणामकारक औषध म्हणून आजही त्याचेच नाव घेतले जाते. तथापि ते घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात होमोसिस्टीनचे प्रमाण वाढते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. या निरीक्षणावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कारणमीमांसा :
शरीरात लिव्होडोपाच्या काही भागाला कॉम्ट या विकरामुळे मिथाइल गट जोडला जातो. हा गट एस-ॲडेनोसिल मिथिओनिनकडून येतो आणि या प्रक्रियेच्या अखेरीस होमोसिस्टीन तयार होते. त्याचे पुन्हा मिथिओनिनमध्ये रूपांतर होण्यास फोलेट व ब-१२, तर दुसऱ्या मार्गाने निचरा होण्यास ब-६ जीवनसत्त्व आवश्यक असते. म्हणजेच औषधामुळे निर्मिती वाढते. परंतु संचय किती होईल हे रुग्णाच्या पोषणावरही अवलंबून असते.

चिकित्सा :
औषधाचा सहभाग नाकारता येत नाही. मात्र अनेक अभ्यासांत रुग्ण व निरोगी व्यक्ती यांची एकाच वेळी तुलना केलेली असते. वय, मूत्रपिंडाचे कार्य व आहार या घटकांनीही होमोसिस्टीन वाढते. त्यांचा हिशेब न करता सारा दोष औषधावर टाकणे तर्कदुष्ट ठरते.

दुसरी उडी अधिक मोठी आहे. होमोसिस्टीन वाढले म्हणजे हृदयविकार ओढवणारच, असे गृहीत धरले जाते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'होप-२' या चाचणीत जीवनसत्त्वांमुळे होमोसिस्टीन घटले. परंतु हृदयरक्तवाहिन्यांच्या प्रमुख घटनांचे एकत्रित प्रमाण लक्षणीयरीत्या कमी झाले नाही. निदर्शक आणि कारण यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

महाराष्ट्रापुरता हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या, २००६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी, तर ५८ टक्के पुरुषांत होमोसिस्टीन अधिक आढळले. हे कंपवाताचे रुग्ण नव्हते. अशा समाजात उपचारापूर्वीची मोजणी नसेल, तर औषधाचा वाटा ठरविता येत नाही.

निष्कर्ष :
होमोसिस्टीनच्या भीतीने लिव्होडोपा टाळणे वा परस्पर बंद करणे समर्थनीय नाही. औषध एकाएकी थांबविणे धोक्याचे असते. याउलट ब-१२ च्या अभावाने येणारा पायांचा बधिरपणा, तोल जाणे व विस्मरण ही लक्षणे मूळ रोगाचीच समजली जाण्याचा संभव असतो आणि उपचारयोग्य दोष तसाच राहतो. म्हणून उपचारारंभी व नंतर ठरावीक काळाने ब-१२, फोलेट व होमोसिस्टीन यांची एकत्रित तपासणी होणे इष्ट आहे. पुढील संशोधनाची मांडणीही याच पायावर व्हावयास हवी.