धरलेले बोट, सोडलेले बोट

पालक आणि मूल यांचे नाते मराठी साहित्यात बहुतांशी घराच्या चार भिंतींत रंगले आहे. देवघर, स्वयंपाकघर, ओसरी, आजारपणातील उशाशी जागलेल्या रात्री अशा स्थळी आणि अशा वेळी आपल्या लेखकांना आई दिसते आणि क्वचित बापही दिसतो. उंबरठ्याबाहेर पडलेले पालक आणि मूल मात्र फारसे भेटत नाहीत. एकत्र डोंगर चढणारे, पाण्यात उतरणारे, एकाच सायकलीवरून ऊन-वारा अंगावर घेणारे बाप-लेक किंवा माय-लेकरू शोधावे लागतात. पाश्चात्त्य देशांत या अनुभवाचे स्वतंत्र लेखन झाले आहे. मुलाला पाठुंगळी बांधून बर्फावरून घसरणारी आई किंवा सायकलीच्या मागे छोटी गाडी जोडून मुलासह मैलोगणती भटकणारा बाप तेथील वाचकाला परिचयाचा आहे. आपल्याकडे बर्फ नाही म्हणून हा विषय आपला नाही, असे म्हणून तो बाजूला सारता येईल. पण ते घाईचे ठरेल. मुलाला मोकळ्या आकाशाखाली नेताना पालक त्याला नेमके काय देतो आणि स्वतः काय पणाला लावतो, हा खरा प्रश्न आहे. तो जसा आल्प्समध्ये आहे तसाच सातपुड्याच्या पायथ्याशीही आहे. तो मनात ठेवून आपल्या काही कलाकृतींकडे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाचा शोध घेताना पहिला मुक्काम अपरिहार्यपणे ‘श्यामची आई’पाशी पडतो. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली हे पुस्तक लिहिले आणि 1935 साली ते प्रसिद्ध झाले. त्यातील श्यामच्या पोहण्याची हकिगत घराघरांत ठाऊक आहे. पावसाळ्यात विहिरी भरल्या आहेत, गावची मुले पोहायला निघाली आहेत आणि श्याम भीतीने माळ्यावर दडून बसला आहे. आई त्याला शोधून काढते, छडीचा मार देते आणि पाण्याकडे पिटाळते. श्याम पोहतो. नंतर आई मायेने त्याच्याशी बोलते आणि आपण का मारले ते सांगते. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ असते.

या प्रसंगावर पिढ्यान् पिढ्या डोळे ओलावले आहेत. तरीही समीक्षकाने येथे थोडे थांबले पाहिजे. आईचे प्रेम निःसंशय आहे, पण तिने मुलाला दिलेल्या धैर्यात लोकलज्जेचा अंश मिसळलेला आहे. पाण्याच्या भीतीवर मात करण्यासाठी तिने त्याहून मोठी, हसे होण्याची भीती वापरली. गुरुजींची लेखणी प्रामाणिक असल्यामुळे हा कडवटपणा त्यांनी झाकला नाही. प्रौढपणी, तुरुंगाच्या कोठडीत बसून लिहितानाही त्यांना ती छडी आठवते, हे लक्षणीय आहे. माराचे समर्थन आज कोणी करू नये. मात्र त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे आणि ती सहसा नजरेतून सुटते. आई विहिरीवर मुलाला एकटे पाठवत नाही. तेथे पट्टीचे पोहणारे आहेत, बरोबरीची मुले आहेत, गाव आहे. बुडू लागला तर हात देणारे कोणी तरी आहे, हे तिला ठाऊक आहे. तिच्या कठोरपणाखाली गावावरचा विश्वास उभा आहे. या विश्वासाकडे पुढे परत वळावे लागेल.

श्यामची आई मुलाला पाठवते, गो. नी. दांडेकर मुलीला बरोबर नेतात. गोनीदांचा जन्म 1916 सालचा आणि तो आपल्याच सातपुड्याच्या कुशीतील परतवाड्याचा. कोवळ्या वयात घर सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेतलेला, पुढे नर्मदेची परिक्रमा केलेला हा मनुष्य संसारी झाल्यावरही घरात मावला नाही. त्यांनी गडकिल्ले आयुष्यभर पायांखाली घातले. विशेष असे की, हे वेड त्यांनी एकट्यापुरते ठेवले नाही. कन्या वीणा देव लहानपणापासून वडिलांबरोबर गड चढल्या. पुढे जावई आणि नातीही त्या वाटेला लागल्या.

‘दुर्गभ्रमणगाथा’सारख्या लेखनात गोनीदांची भाषा गडाच्या तटासारखी रेखीव आहे. परंतु त्यात केंद्रस्थानी गड आहे, मूल नाही. मुलाचे दमलेले पाय, त्याची तहान, कड्याच्या टोकाशी त्याच्या पोटात उठलेला गोळा यांपेक्षा लेखकाचे लक्ष इतिहासाच्या स्पंदनांकडे अधिक आहे. भक्ताच्या लेखनाची ही मर्यादा समजण्यासारखी आहे. ती पुढच्या पिढीने भरून काढली. वीणा देव यांनी वडिलांविषयी ‘आशक मस्त फकीर’ हे पुस्तक लिहिले आणि कुटुंबीयांसह त्यांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन गावोगावी केले. 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. बापाचे बोट धरून गड चढलेले मूल मोठेपणी बापाचे शब्द लोकांपर्यंत नेते, हा वारसा मोलाचा आहे. बरोबर चालण्यातून मुलाला जे मिळते ते पालकाला हवे तेवढेच नसते. मूल त्यातून स्वतःचे काही वेचते आणि त्याला स्वतःचा आवाज लाभतो. श्यामच्या आईच्या छडीने भीती पळाली. गोनीदांच्या सोबतीने आवड रुजली. दोन्हींतले अंतर संस्काराचा विचार करणाऱ्याने विसरू नये.

आता सायकलीकडे वळू. पालक, मूल आणि सायकल म्हटले की जगाच्या चित्रपटसृष्टीतील एक कृती आधी आठवते, ती म्हणजे व्हित्तोरिओ दे सिका यांचा 1948 सालचा ‘बायसिकल थीव्ह्ज’. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त 1995 साली व्हॅटिकनने निवडलेल्या पंचेचाळीस चित्रपटांत त्याला मूल्यविषयक विभागात स्थान मिळाले होते. युद्धोत्तर रोममधील बेकार बाप, नुकतीच मिळालेली नोकरी, त्या नोकरीसाठी अत्यावश्यक असलेली सायकल आणि तिची चोरी एवढेच कथानक. बाप आणि छोटा ब्रुनो दिवसभर शहर तुडवतात. वैतागाच्या भरात बाप मुलाला थप्पड मारतो. शेवटी हताश होऊन तो स्वतःच एक सायकल चोरतो आणि पकडला जातो. मुलाचे अश्रू पाहून सायकलीचा मालक त्याला सोडून देतो. मग गर्दीतून चालताना ब्रुनो बापाचा हात हातात घेतो. आतापर्यंत बापाने मुलाला सांभाळले होते. या क्षणी मूल बापाला सांभाळते. येथे भटकंती हौसेची नाही, पोटाची आहे. तरीही रस्त्यावर झालेले हे शिक्षण कोणत्याही सहलीपेक्षा खोल जाते.

मराठीत 2014 साली परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ आला, तेव्हा या परंपरेला पंढरपूरचा पत्ता मिळाला. दिवंगत वडिलांची आठवण असलेली सायकल, कर्जापायी विणकामाच्या यंत्राला मुकलेली आई, सायकल विकण्याची आलेली वेळ आणि ती वाचवण्यासाठी यात्रेत बांगड्या विकायला बसलेली मुले, असा हा प्रपंच आहे. चित्रपट हसतखेळत पुढे जातो. दारिद्र्याची कीव तो करत नाही, ही त्याची ताकद आहे. बाप देहाने नाही, पण सायकलीच्या रूपाने तो मुलांना रस्त्यावर घेऊन जातोच. माझ्या मते त्यातला खरा नाट्यविषय आईचा आहे. मुलांच्या आनंदाची वस्तू विकून मुलांचे घर राखायचे, हा तिच्यापुढचा पेच सोपा नाही. मोकाशींनी तिला खलनायिका होऊ दिले नाही, पण तिच्या मनात शिरण्यासाठी आणखी थोडा अवकाश दिला असता तर चित्रपट अधिक उंच गेला असता.

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ त्याच सुमारास आला. बर्लिनच्या महोत्सवात गौरवला जाऊन तो 2015 साली आपल्याकडे प्रदर्शित झाला. वडील गेलेले, आईची बदली कोकणात झालेली आणि अकरा वर्षांचा चिन्मय नव्या गावात परका. मुले सायकलींची शर्यत लावून किल्ल्यावर जातात. तेथे पावसात, अंधारलेल्या भिंतींत चिन्मय एकटा पडतो आणि मित्र निघून गेलेले असतात. भरवसा तुटल्याचा तो क्षण दिग्दर्शकाने शब्दांशिवाय, केवळ पावसाने आणि दगडांनी उभा केला आहे. आई त्या वेळी तेथे नाही. ती कचेरीत आहे, नव्या जागी स्वतःच चाचपडते आहे. मुलाचे बोट तिने सोडलेले नाही. परिस्थितीने ते सोडवले आहे. दोघेही एकाच दुःखात आहेत आणि एकमेकांना सांगू शकत नाहीत, ही ‘किल्ल्या’ची वेदना आहे.

या चारही कलाकृती शेजारी ठेवल्या की एक सूत्र हाती लागते. श्यामला विहिरीभोवतीचे गाव होते. पंढरपूरच्या मुलांना सवंगडी होते आणि यात्रेचा गजबजाट होता. ब्रुनो आणि त्याचा बाप अफाट शहरात एकटे आहेत. चिन्मय आणि त्याची आईही एकटी आहेत. मुलाचे धैर्य हे त्याच्या किंवा पालकाच्या छातीतच उपजते असे नाही. भोवती भरवशाची माणसे असतील तर बोट सोडण्याचे बळ पालकाला येते. ती नसतील तर उत्तम पालकही मुलाला घट्ट धरून ठेवतो, नाहीतर नाइलाजाने वाऱ्यावर सोडतो.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला हे सूत्र नवे नाही. होशेयच्या ग्रंथात परमेश्वर आपल्या प्रजेला चालायला शिकवणाऱ्या पालकाच्या रूपात दिसतो. तो हाताला धरतो, खाली वाकतो. त्याच्या हाती छडी नाही. तोबितच्या ग्रंथात आंधळा बाप मुलाला दूरच्या प्रवासाला पाठवतो, पण सोबती मिळाल्यावरच पाठवतो. तो सोबती देवदूत आहे हे बापाला ठाऊक नाही. जाताना मुलाच्या मागे कुत्राही आहे, हा तपशील मोठा गोड आहे. लूककृत शुभवर्तमानात मरिया आणि योसेफ यरुशलेमहून परतताना बारा वर्षांचा येशू सोबत्यांत असेल असे समजून दिवसभराची वाट चालून जातात. या उताऱ्यावर प्रवचन करताना आपण हरवण्यावर आणि सापडण्यावर भर देतो. परंतु दिवसभर मुलगा दिसला नाही तरी त्या माता-पित्यांना चिंता वाटली नाही, याकडे आपले लक्ष जात नाही. त्या काफिल्यात कोणाचेही मूल सर्वांचे मूल होते. पवित्र कुटुंब हे एकाकी कुटुंब नव्हते.

येथे आपल्या संतचरित्रांविषयीही एक तक्रार नोंदवली पाहिजे. संत जियाना बेरेत्ता मोल्ला (1922–1962) या व्यवसायाने डॉक्टर आणि चार मुलांच्या आई. चौथ्या अपत्याच्या रक्षणासाठी त्यांनी पत्करलेला धोका आणि त्यानंतरचा मृत्यू आपण आवर्जून सांगतो. 2004 साली त्यांना संतपद मिळाले, हेही सांगतो. पण त्यांना डोंगरांचे आणि बर्फावरील स्कीइंगचे मनापासून वेड होते, हे आपल्या पुस्तिकांत आले तरी ओझरते येते. त्यांना संतपद देणारे पोप जॉन पॉल दुसरे स्वतः पट्टीचे स्कीपटू. लहानपणीच आई आणि पुढे थोरला भाऊ गमावलेल्या या मुलाला निवृत्त लष्करी वडिलांनी एकट्याने वाढवले. पुढे तरुण धर्मगुरू म्हणून ते विद्यार्थ्यांसह डोंगरांत, होड्यांतून, सायकलींवरून भटकत. साम्यवादी राजवटीत धर्मगुरूने तरुणांना असे नेणे धोक्याचे होते. म्हणून मुले त्यांना ‘काका’ म्हणत. 1984 च्या जुलैत, पोपपदी असतानाही, ते आदामेल्लोच्या बर्फावर उतरले. चरित्रकाराने हा आनंद गाळला की संत केवळ सोसण्यापुरता उरतो. आणि अशी चरित्रे वाचणाऱ्या पालकांना मुलाबरोबर खेळण्यात पावित्र्याचा काही अंश असू शकतो, याची कल्पनाही येत नाही.

हे सारे जळगाव जामोदमध्ये बसून लिहिताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. उत्तरेला सातपुडा उभा आहे. भिंगाऱ्यासारख्या पाड्यांवरील आदिवासी आई-बाप मोहफुलांच्या दिवसांत पहाटे मुलांना घेऊन रानात जातात. त्या मुलांना वाट, पाणी, पाखरू, जनावराचा माग ओळखता येतो. त्याला कोणी साहस म्हणत नाही. संध्याकाळी सुखाच्या घरी परतणाऱ्याच्याच भटकंतीला आपण हे नाव देतो, हा भाषेचाही पक्षपात आहे. साहसाच्या लेखनाचे कौतुक करताना समीक्षेने त्याची नोंद घ्यावी. त्याच वेळी खाली गावात, शिकवणी आणि परीक्षा यांच्यामध्ये अडकलेली आपली मुले तो डोंगर केवळ खिडकीतून पाहतात. पालकांचे कारण खोटे नाही. ऊन कडक आहे, रस्त्यावर वाहने बेफाम आहेत, रानात श्वापदे आहेत. मुलाला एकट्याने पाठवू नये, हे त्यांचे म्हणणे रास्तच आहे. पण एकट्याने पाठवणे किंवा कोंडून ठेवणे एवढेच दोन पर्याय उरावेत, हे आपल्या काफिल्याचे अपयश आहे. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपिता आणि धर्ममाता उभे करणारी ख्रिस्तसभा मुलाला केवळ दोनच पालक असतात असे मानत नाही. मिस्सेनंतर चार कुटुंबे मिळून डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालून आली तरी त्या संस्काराचा अर्थ मुलांना पायांनी कळेल.

आणि आपल्या लेखकांकडे एक मागणे. मातृप्रेमावरील कविता आणि वडिलांच्या कष्टांवरील कथा आपल्या पानांवर पुष्कळ येतात. त्या यायलाच हव्यात. परंतु सायकलीच्या दांडीवर मुलीला बसवून चढाला धापा टाकणारा बाप, नदीच्या पाण्यात आधी स्वतः उतरून मग मुलाला हाक मारणारी आई अजून आपल्या साहित्यात यायची आहे. ते चित्र रेखाटताना छडी लपवू नये, भीती लपवू नये, दारिद्र्यही लपवू नये. पालकाचा हात कोठे थरथरला तेही लिहावे. थरथरत का होईना, तो हात सुटला आणि मूल चार पावले एकटे चालले, तर मागे उभ्या राहिलेल्या पालकाला त्या क्षणी काय वाटले, हे आपल्या भाषेत अजून कोणी नीट सांगितलेले नाही.