विज्ञानभयपटांतील कुटुंब
विज्ञानभयपटांतील कुटुंब : विज्ञानकल्पित व भयकथा यांच्या संयोगातून सिद्ध झालेल्या चित्रपटप्रकारातील एक प्रमुख आशयसूत्र. परग्रहावरील जीव किंवा फसलेला प्रयोग ही या चित्रपटांतील भयाची बाह्य कारणे असली, तरी त्याचे मर्म बहुधा घरातच असते. निकटचे माणूस परके झाले, तर त्याचे माणूसपण कशावरून ओळखावयाचे, हा त्यांतील मूळ प्रश्न होय.

डॉन सीगल दिग्दर्शित इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स (१९५६) या अमेरिकन चित्रपटात एक स्त्री आपला काका हा काका नव्हेच, असे सांगते. चेहरा, आवाज, आठवणी सर्व जुळतात. उणीव असते ती केवळ भावनेची. मानसोपचारतज्ज्ञ याला भ्रम ठरवितो. परंतु जे शास्त्राला उमगत नाही, ते आप्ताच्या मायेला उमगते.

झॉर्झ फ्रांझ्यूच्या ले झ्यू सां व्हिझाज (१९६०, म. शी. चेहऱ्याविना डोळे) या फ्रेंच चित्रपटात मायाच अमानुष होते. आपल्या हातून झालेल्या मोटार-अपघातात मुलीचा चेहरा विद्रूप झाल्याने शल्यविशारद पिता इतर तरुणींचे चेहरे कापून घेतो. अखेरीस मुलगीच त्याच्या बंदिवान तरुणीला मुक्त करते. मुखवटा तिच्या चेहऱ्यावर असला, तरी माणुसकी हरवलेली असते ती पित्याची.

डेव्हिड क्रोननबर्गच्या द फ्लाय (१९८६) मध्ये माशीशी एकजीव झालेला शास्त्रज्ञ प्रेयसी, तिच्या पोटातील गर्भ व स्वतः यांना यंत्राद्वारे एका देहात जोडू पाहतो. कुटुंबाच्या ऐक्याचे हे भीषण विडंबन आहे. तथापि शेवटी तो बंदुकीची नळी स्वतःच्याच मस्तकाकडे वळवितो. मृत्यूची ही मूक याचना त्याच्यातील उरलेल्या माणूसपणाची खूण ठरते.

जॉन क्रासिन्स्कीच्या अ क्वाएट प्लेस (२०१८) मध्ये आवाजाच्या रोखाने हल्ला करणाऱ्या प्राण्यांमुळे कुटुंबाला मौन पाळावे लागते. धाकट्या भावाच्या मृत्यूचा दोष स्वतःकडे घेणारी कर्णबधिर मुलगी पित्याच्या प्रेमाविषयी साशंक असते. येथे मौन हे केवळ बचावाचे साधन न राहता अबोल्याचे प्रतीक होते. मात्र पित्याच्या बलिदानाने हा पेच फार सहज सुटतो. संकट बाहेरचेच राहते व घर निर्दोष ठरते.

कुटुंबाला केवळ आश्रयस्थान मानणारे विज्ञानभयपट प्रेक्षकाला धीर देतात. त्यातील प्रेमही तपासून पाहणारे चित्रपट त्याला अस्वस्थ करतात व म्हणूनच अधिक टिकाऊ ठरतात.