पोकळीतील प्रार्थना

अजिंठा-वेरूळच्या सान्निध्यात राहणाऱ्या माणसाला पडद्यावरच्या चित्रांचे फारसे अप्रूप वाटू नये, अशी आमची समजूत होती. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ती मोडली. आजचे छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते. रविवारची मिस्सा आटोपून धर्मग्रामातील दोन-तीन कुटुंबे मिळून आम्ही आल्फोन्सो क्वारोन या मेक्सिकन दिग्दर्शकाचा ‘ग्रॅव्हिटी’ पाहण्यास गेलो, त्रिमितीचे चष्मे चढवले आणि पुढचा दीड तास खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो.

कथानक अगदी साधे आहे. हबल दुर्बिणीची दुरुस्ती चालू असता फुटलेल्या उपग्रहांच्या तुकड्यांचा मारा होतो, यान निकामी होते आणि डॉ. रायन स्टोन (सँड्रा बुलक) अखेर एकटी उरते. तिने पृथ्वीवर परतावे कसे, एवढाच प्रश्न. आरंभी शरीफ नावाचा तिचा भारतीय सहकारी ‘श्री ४२०’ मधील गाणे गुणगुणतो, तेव्हा प्रेक्षागृहात हशा पिकला. काही मिनिटांतच त्याचा मृतदेह आणि त्याच्या कुटुंबाचे छायाचित्र पोकळीत तरंगताना दिसले आणि सारे चिडीचूप झाले.

आरंभीचे दृश्य दहा मिनिटांहून अधिक काळ कोठेही न तुटता चालते. अवकाशातील बहुतेक प्रसंगांत अंतराळवीरांचे पोशाखसुद्धा संगणकाने रेखलेले आहेत. खरा आहे तो काचेमागचा चेहरा. दिव्यांनी मढवलेल्या पेटीत अभिनेत्रीला जवळजवळ स्थिर ठेवून प्रकाश तिच्याभोवती फिरवण्यात आला. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात आकाशमार्गे जाणारा इंद्र आणि त्याच्या अप्सरा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातले मर्म कळेल. तेथे चित्रकाराने रेषेच्या बळावर देहाचे वजन हरवले, येथे प्रकाशाच्या. या चित्रपटास पुढे २०१४ मध्ये सात ऑस्कर पारितोषिके मिळाली, त्यांत छायाचित्रण आणि दृश्य-परिणाम यांची होती, हे योग्यच झाले.

दोष नाहीत असे नव्हे. हबल आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक यांच्या कक्षा इतक्या भिन्न आहेत, की एकीकडून दुसरीकडे तरंगत जाणे अशक्यच. पोकळीत आवाज नसतो हे पथ्य दिग्दर्शकाने पाळले. परंतु त्या शांततेवर विश्वास न ठेवता तेथे वाद्यसंगीत ओतले. नायिकेची चार वर्षांची मुलगी वारल्याची हकीकतही आम्हांला जरा घाईने सांगितल्यासारखी वाटली.

परतताना आमच्यासोबतच्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारले, “सगळे आकाश दाखवले, पण देव कुठे दाखवला?” आम्हांपाशी उत्तर नव्हते. आम्ही तंत्राच्याच गप्पा मारत राहिलो.

अलीकडे हाच चित्रपट घरच्या दूरचित्रवाणीवर पुन्हा पाहिला. ते अफाट आकाश हातभर झाले होते. भोवळ आली नाही, धडकी भरली नाही. मात्र चित्रपटगृहात आम्ही जवळजवळ विसरून गेलेला एक प्रसंग या वेळी समोर ठाकला. इंधन संपलेल्या रशियन यानात रायन मरणाची वाट पाहत आहे. बिनतारी यंत्रावर ग्रीनलंडमधील एका अनोळखी माणसाचा आवाज येतो, कुत्री भुंकतात, तान्हे मूल रडते. आपल्यासाठी कोणी प्रार्थना करील का, असे ती विचारते आणि मग कबूल करते, की स्वतः प्रार्थना करावी तर ती तिला कोणी शिकवलीच नाही. तिचा अश्रू डोळ्यापासून सुटून तरंगत आपल्याकडे येतो. शास्त्रज्ञ म्हणतील, वजनरहित अवस्थेत अश्रू डोळ्यालाच चिकटून राहतो. राहो बापडा.

याच यानात संत ख्रिस्तोफरचे छोटे चित्र लावलेले आहे: बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा, प्रवाशांचा तो आश्रयदाता. दिग्दर्शक त्यावर भाष्य करीत नाही. पुढच्या चिनी यानात तशीच बुद्धाची लहानशी मूर्ती आहे. प्राणवायू बंद करून मरू पाहणाऱ्या रायनला मृत सहकारी येऊन सुटकेची वाट सांगतो. तो भास की कृपा, हेही मोकळेच ठेवले आहे. पण त्यानंतर ती त्याच्यामार्फत आपल्या मुलीला निरोप धाडते. नोव्हेंबरात कबरस्तानात मेणबत्ती लावून आपल्या माणसांशी बोलणाऱ्या आपणांस ही भाषा परकी नाही. न शिकवलेली प्रार्थना तिच्या ओठांवर आलेली आहे, तिला ठाऊक नाही इतकेच.

शेवटी ती तळ्यात कोसळते, पाण्यातून वर येते, ओली माती मुठीत धरते आणि आभार मानते. कोणाचे, ते सांगत नाही. ख्रिस्तोफरची नदी आणि स्नानसंस्काराचे पाणी आम्हांला तेथे एकदमच आठवले.

बाईंचा प्रश्न रास्तच होता. आज आम्ही इतकेच म्हणू, की देव दाखवलेला नाही. त्याची गरज दाखवली आहे. ती गरज केवढी, हे मात्र मोठ्या पडद्यावरच्या त्या काळोखाने आम्हांला आधी अंगावर अनुभवायला लावले होते, म्हणूनच लहान पडद्यावरचा तो अश्रू आम्हांला ओळखता आला. तंत्राचे सार्थक याहून अधिक कोणते? आणि रायनची ती कबुली ऐकताना आमची नजर शेजारी बसलेल्या आमच्या नातवंडांकडे वळली, हेही येथे नमूद केले पाहिजे.