हॉथॉर्नच्या पाचजणी

हॉथॉर्नची गोष्ट आपण शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात वाचलेली असते: आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे हे कळले, की माणसे अधिक काम करतात. आम्हाला ती इतकी सरळ वाटत नाही.

ती जगभर पोचवली एल्टन मेयो यांनी. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडून तत्त्वज्ञानाकडे वळलेले हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ १९१९ मध्ये क्वीन्सलँडला प्राध्यापक झाले, १९२६ मध्ये हार्वर्डला गेले. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात ते पोचले १९२८ मध्ये. रिले जोडणाऱ्या पाचजणींची चाचणी १९२७ मध्येच सुरू झालेली होती. (प्रयोग दुसऱ्यांचा, अर्थ मेयोंचा!) उत्पादन सुमारे ३० टक्के वाढले.

पण दरम्यान मजुरीची पद्धतही बदलली होती. पाचजणींच्या कामावर पाचजणींची कमाई ठरू लागली. शिवाय जानेवारी १९२८ मध्ये, फार बोलतात, सहकार्य करत नाहीत, म्हणून दोघींना काढून दुसऱ्या दोघी आणल्या. तुलनेसाठी वेगळा गट नव्हताच.

समजा, वडिवळ्याच्या शाळेत पाच मुलांवर गणिताची नवी पद्धत वापरली, मध्येच दोन मुले बदलली, वर बक्षीसही लावले. गुण वाढले, तर श्रेय पद्धतीला द्यायचे का? नववीचा विद्यार्थीही हरकत घेईल.

कामगारांचे म्हणणे ऐकावे, हा मेयोंचा आग्रह मात्र मोलाचा. तेथे वीस हजारांहून अधिक मुलाखती झाल्या. त्याआधीच्या, १९२४ ते १९२७ मधील प्रकाशाच्या प्रयोगांचे आकडे लेविट आणि लिस्ट यांनी पुन्हा तपासले. दिवा वाढवा की कमी करा, उत्पादन वाढतेच, असे काही त्यांना आढळले नाही. हा निबंध २०११ चा. पुस्तकांत गोष्ट अजून जुनीच आहे.