खार नेमके काय शिकली?

कडुनिंबावर सरसर चढणारी खार फुलसावंगीच्या मुलांना नवी नाही. पण पाण्यावर ‘स्कीइंग’ करणारी? अमेरिकेत फ्लोरिडातील बेस्ट दांपत्याने १९७९ पासून ‘ट्विगी’ नावाच्या खारीचा असा खेळ गाजवला. रिमोटवर चालणारी चिमुकली होडी छोट्या फळ्या ओढते. खार दांडी धरून त्यांवर उभी राहते. १९९७ साली चक बेस्ट बुडून मरण पावल्यावर त्यांच्या पत्नीने खेळातून लाइफ जॅकेटचा प्रचार केला. तो आम्हाला मोलाचा वाटतो.

आक्षेप आहे तो वेगळाच. नाव एकच, खारी मात्र बदलत गेल्या. प्रेक्षकाला वाटते, एकच अद्‌भुत खार! शिवाय ‘खार स्कीइंग शिकली’ हे म्हणणे कितपत खरे? वेग होडीचा, तरंगणे फळ्यांचे, घट्ट धरणे उपजत. नव्याने अंगवळणी पडले ते हलत्या फळीवर न बिचकता टिकणे. प्राण्यांना असे पायरीपायरीने, खाऊ देऊन शिकवतात. खेळात हे झाकले जाते आणि उरतो चमत्कार.

शिक्षकांनी वर्गात तीन रकाने आखावेत: उपजत काय, शिकवलेले काय, यंत्राचे काय? मग मुलांना झाडावरची खार पाहायला पाठवावे, पकडायला नव्हे.